तो 'आ' नक्की कोणाचा?



गेल्या उन्हाळ्यातली आपली कॅलशॉटची सहल आठवते ना? साउथॅम्प्टनच्या खाडीच्या तोंडाशी आठव्या हेन्रीने बांधलेला तो बुटका, गोल किल्ला, वाळूच्या नावाखाली नुसते गोटे, आणि वाऱ्याने पळवलेल्या पुऱ्या! परतताना आपण रस्ता चुकलो आणि घरांच्या एका छोट्या गल्लीत शिरलो. तिथल्या पाटीवर 'ट्रिस्टन क्लोज' असे लिहिले होते. "हा ट्रिस्टन कोण?" असा प्रश्न मागच्या सीटवरून आला. आपल्यातल्या एका काकांना पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद आहे. ते म्हणाले, "ट्रिस्टन हा माणूस नाही रे, बेट आहे. तिथे १९६१ साली ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा सगळ्या गावाला बोटीने इंग्लंडला आणले आणि पुढे इथेच ठेवले. त्यांच्या बेटाच्या नावाची ही गल्ली."

काकांचे अर्धे उत्तर बरोबर होते. उरलेले अर्धे पुढे येईलच.

पुढच्या शनिवारी वर्गात दोन पुरावे हजर झाले. काकांनी तिकिटांची वही आणली. मोठ्या गटातल्या एका मुलाने आपल्या पणजोबांचा, कव्हर निघालेला इंग्रजी ॲटलस आणला. दोन्हींत बेट तेच, पण स्पेलिंग वेगळे! मग काय, वर्गात दोन पक्ष पडले. एका उत्साही शुद्धलेखनतज्ज्ञाने तर ॲटलसमधल्या नावाभोवती पेन्सिलीने गोल काढून बाजूला 'चूक' असे लिहूनही टाकले. पणजोबांच्या ॲटलसवर! त्या मुलाच्या आईचा तेव्हाचा चेहरा आम्हाला अजून दिसतो आहे. 'चूक की बरोबर ते अंकात सांगू' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली होती. तो हा धडा.

आपल्या अंकात रोमन अक्षरे घालायची नाहीत हा आपला जुना नियम आहे, म्हणून स्पेलिंग आम्ही अक्षरांच्या नावांनी सांगतो. तुम्ही कागद-पेन्सिल घ्या आणि इंग्रजीत लिहीत चला. (पेन्सिल फक्त आपल्या वहीत चालवावी.) पहिला शब्द दोन्हीकडे 'ट्रिस्टन'च आहे. भांडण आहे ते पुढच्या भागाचे. तिकिटावर आहे डी-ए, मग मोकळी जागा, मग सी-यू-एन-एच-ए. ॲटलसमध्ये आहे डी, मग वरचा स्वल्पविराम म्हणजे अपॉस्ट्रॉफी, आणि त्याला चिकटून ए-सी-यू-एन-एच-ए. दोन्ही एकाखाली एक लिहा आणि अक्षरे मोजा. सातच्या सात तीच, आणि त्याच क्रमाने! बदलली आहे ती फक्त नाव तोडण्याची जागा. मधला 'ए', म्हणजे आपला 'आ', एकाने अलीकडच्या 'डी'ला दिला आहे आणि दुसऱ्याने पलीकडच्या 'सी'ला.

मराठीच्या तासाला याला आपण काय म्हणतो? पदच्छेद! म्हणजे जोडून आलेले शब्द योग्य जागी सुटे करणे.

आता आधी बेट पाहू. नकाशावर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी केपटाउन शोधा आणि तिथून पश्चिमेला, दक्षिण अमेरिकेच्या दिशेने बोट सरकवा. सुमारे २,८०० किलोमीटर नुसते पाणी गेल्यावर एक ठिपका लागेल, तेच हे बेट. माणसांची वस्ती असलेले सर्वांत जवळचे दुसरे बेट म्हणजे सेंट हेलेना, तेही सुमारे २,४०० किलोमीटर दूर. ट्रिस्टनवर विमानतळ नाही. केपटाउनहून बोटीने जावे लागते आणि प्रवासात जवळजवळ आठवडा जातो. वस्ती सुमारे अडीचशे माणसांची. बटाटे लावायचे, मेंढ्या पाळायच्या आणि समुद्रातून शेवंडे पकडायची, हा तिथला जुना उद्योग. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी, त्याचे शिखर २,०६० मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहून चारशे मीटर उंच.

हे बेट पहिल्यांदा नोंदले ते १५०६ साली, हिंदुस्थानकडे निघालेल्या एका पोर्तुगीज ताफ्याने. ताफ्याच्या प्रमुखाच्या नावावरूनच बेटाला नाव पडले. तेव्हा आपल्या काकांच्या उत्तराची दुरुस्ती अशी, की ट्रिस्टन हे बेट आहे आणि त्याआधी तो माणूसही होता. या सेनापतीला समुद्र खवळलेला असल्यामुळे बेटावर उतरता आलेच नाही. स्वतःच्या नावाच्या जमिनीवर त्याचे पाऊल कधी पडले नाही. बेटावर माणसे उतरल्याची पहिली नोंद १६४३ सालची, तीसुद्धा डच जहाजाची.

मोठ्या मंडळींना हा सेनापती परका वाटायला नको. त्याच्याच ताफ्यात अल्बुकर्क होता, ज्याने पुढे १५१० साली गोवे घेतले. खरे तर हिंदुस्थानातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणून १५०४ मध्ये नेमणूक झाली होती ती आपल्या या सेनापतीचीच. पण त्याची दृष्टी तेवढ्यात काही काळ गेली आणि दुसऱ्याला पाठवावे लागले. १५१४ मध्ये पोर्तुगालच्या राजाने पोपला नजराणा पाठवला, त्यात हिंदुस्थानातून नेलेला हॅनो नावाचा एक हत्तीही होता. तो नजराणा घेऊन रोमला गेलेल्या वकिलातीचा प्रमुखही हाच. आणि याचा मुलगा नुनो हा १५२९ ते १५३८ या काळात पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला गव्हर्नर होता. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी तह करून वसई घेणारा तो हाच नुनो. त्याच वसईचा किल्ला पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकला, हे आपण मागच्या वर्षीच्या नाटुकल्यात पाहिले. त्या नाटुकल्याच्या पडद्यामागे हे बेटाचे घराणे उभे होते, आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

आता नावाकडे वळू. पोर्तुगीज भाषेत 'दे' म्हणजे 'चा, ची, चे'. आणि स्त्रीलिंगी नामाच्या आधी इंग्रजी 'द'सारखा एक छोटा शब्द लागतो, तो 'आ'. हे दोन शेजारी आले की सुटे राहत नाहीत. दे अधिक आ मिळून 'दा' होतो, 'दे'मधला 'ए' गळून जातो. मोठ्या गटाने इथे हात वर करायला हरकत नाही. एक अधिक एक एकेक, तशी ही अगदी आपल्या पररूप संधीसारखी गोष्ट! पहिला स्वर गेला, दुसरा राहिला. मग त्या 'दा'पुढे आडनाव आले. 'कुन्या'चा अर्थ पोर्तुगीजमध्ये पाचर. लाकूड फोडताना फटीत ठोकतात ती पाचर. या घराण्याच्या ढालीवर सोनेरी जमिनीवर नऊ निळ्या पाचरी काढलेल्या असतात.

म्हणजे मूळ पदच्छेद 'दा, कुन्या' असा आहे. 'आ' अलीकडचा. तिकीट बरोबर.

थांबा, इतक्यात टाळ्या नकोत. ॲटलस छापणारे लोक काही अडाणी नव्हते. १८३२ साली ऑगस्टस अर्ल नावाच्या चित्रकाराचे प्रवासाचे पुस्तक लंडनला निघाले. तो १८२४ मध्ये या बेटावर अडकून पडला होता, आठ महिने त्याला न्यायला जहाजच येईना. त्याने पुस्तकाच्या नावातच बेटाचे स्पेलिंग छापले आहे, आणि ते ॲटलसवाले आहे. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या १८३८ च्या कादंबरीत हे बेट येते, तिथेही तसेच. इतक्या लोकांनी 'आ' पलीकडे का ढकलला असेल?

एक कारण तर कोणालाही पटेल. बोलताना आपण शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाही. 'दाकुन्या' असे एका दमात ऐकू येते. जुन्या हस्तलिखितांतही असे छोटे शब्द पुढच्या शब्दाला चिकटवून लिहिलेले असत. हे आपल्याला नवे नाही. मोडी लिपीतले कागद पाहा. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायचे. शब्द कुठे संपला याची काही खूण नाही. पेशवे दफ्तराचे कागद वाचणाऱ्यांचा निम्मा जीव अक्षरे ओळखण्यात जातो आणि निम्मा ती कुठे तोडायची हे ठरवण्यात.

दुसरे कारण फ्रेंच. फ्रेंचमध्ये 'दे'सारखाच एक शब्द आहे आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तो नुसता 'डी' आणि वरचा स्वल्पविराम एवढाच उरतो. 'दार्तान्याँ' हे नाव पालकांना माहीत असेल. तिथे असेच आहे, डी वेगळा आणि पुढचे नाव 'आ'पासून सुरू. नकाशांच्या धंद्यात फ्रेंच मंडळी पुढे होती आणि इंग्रजांनाही हे वळण ओळखीचे होते. अशा कानांना 'दाकुन्या' ऐकू आले की सवयीने तोडले जाते ते 'द् आकुन्या' असेच. त्यांच्या व्याकरणाने त्यांनी बरोबरच पदच्छेद केला, फक्त शब्द त्यांच्या भाषेतला नव्हता.

आणि तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत आवडली. या पोर्तुगीज घराण्याची एक शाखा फार पूर्वी स्पेनमध्ये जाऊन राहिली. तिथे त्यांचे आडनाव काय झाले? 'आकुन्या'! 'आ' कायमचा आडनावाला चिकटला आणि आजही स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत ते आडनाव तसेच आहे. म्हणजे ज्या 'आ'ला आपल्या शुद्धलेखनतज्ज्ञाने 'चूक' म्हटले, तो स्पेनमध्ये घरचा माणूस होऊन बसला आहे.

असे अक्षरांचे पळून जाणे इंग्रजीतही खूप आहे. 'ॲप्रन' हा शब्द पूर्वी 'नॅप्रन' होता. 'अ नॅप्रन'चे लोकांनी 'ॲन ॲप्रन' केले आणि 'न' अलीकडे आला. 'निकनेम', म्हणजे टोपणनाव, याचे उलटे झाले. मूळ शब्द 'एकनेम', म्हणजे जादाचे नाव. 'ॲन एकनेम' म्हणता म्हणता 'न' पलीकडे गेला. आणि 'ऑरेंज'? तो तर आपलाच. संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, स्पॅनिशमध्ये अजून 'नारान्हा', पण इटलीला आणि फ्रान्सला पोचेपर्यंत पुढचा 'न' गळून पडला आणि इंग्रजांना फळ मिळाले ते 'न' नसलेलेच. नारिंग सोलताना एकदा आठवा.

मराठीत करून पाहा. 'सदानंद' हे नाव कसे तोडाल? छोट्या गटातल्या बहुतेकांनी 'सदा, नंद' असे तोडले. खरा विग्रह सदा अधिक आनंद. 'हिमालय' म्हणजे हिम अधिक आलय, बर्फाचे घर. पण ऐकणाऱ्याला 'हिमा, लय' असेही वाटू शकते. मधला 'आ' दोन्हीकडून ओढला जातो.

ही नुसती गंमत नाही, हे सांगायला एक घरची गोष्ट सांगतो. आमच्यापैकी एकीच्या सासऱ्यांचे नाव सदानंद. तरुणपणीच्या एका कागदावर कोण्या कारकुनाने त्यांचे नाव इंग्रजीत दोन तुकडे करून लिहिले, 'सदा' नाव आणि 'नंद' जणू वडिलांचे नाव. त्यांनी कधी लक्ष दिले नाही. ते वारल्यावर त्यांचे पैसे सासूबाईंना मिळायची वेळ आली तेव्हा कचेरीतून उत्तर आले की हा गृहस्थ वेगळा आणि तो गृहस्थ वेगळा. प्रतिज्ञापत्रे, शिक्के, दोन साक्षीदार, भारतात तीन खेपा. एका मोकळ्या जागेपायी जवळजवळ वर्ष गेले. सासूबाई म्हणायच्या, "पन्नास वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला, ते हेच, हे आता मी शपथेवर सांगायचं!"

आता राहिला शेवटचा तुकडा, एन-एच. आपण 'कुन्या' म्हणतो आहोत, पण अक्षरे पाहून इंग्रजी शाळेतला मुलगा 'कुन्हा' वाचेल. पोर्तुगीजमध्ये एन आणि एच शेजारी आले की 'ह' मुळीच नसतो. तो एकच आवाज आहे, जीभ टाळूला लावून काढलेला 'न'. मुलांनो, वर्णमाला म्हणताना तुम्ही दर वेळी विचारता, "च छ ज झ ञ, त्यातला ञ कशाला? त्याचा एकही शब्द येत नाही." हा घ्या शब्द! 'कुञा'. पोर्तुगीजांनी त्या आवाजासाठी एन-एच ठरवले, स्पॅनिशांनी एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ दिली, फ्रेंच आणि इटालियन जी-एन लिहितात. म्हणून जुन्या फ्रेंच लिखाणात याच बेटाचे नाव जी-एन घालूनही सापडते. आपल्याकडे मात्र त्यासाठी एक अख्खे अक्षर तयार बसले आहे आणि आपण त्याला रिकामटेकडे म्हणतो.

असा एक आवाज आपणही रोमन अक्षरांत कोंबतोच. 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत लिहिताना आपण मराठी माणसे डी-एन-वाय लिहितो, हिंदी बोलणारे जी-वाय लिहितात. नाव एकच, पण फोन डिरेक्टरीत दोघे किती पाने दूर!

पहिल्या शब्दाचीही अशीच तऱ्हा. 'ट्रिस्टन' हे इंग्रजी रूप. पोर्तुगीज रूपात शेवटी ए आणि ओ असून ए-वर नागमोडी रेघ आहे, आणि त्याचा उच्चार नाकातून 'आंव' असा होतो. गोव्याकडच्या मंडळींना हे शिकवायला नको. २४ जूनला डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारण्याचा जो 'सांजांव' सण असतो, त्याच्या नावातल्या दोन्ही शब्दांत हाच आवाज आहे. म्हणून गोव्यात हे नाव 'त्रिस्तांव' असे लिहितात. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले मोठे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा (१८९१ ते १९५८) यांचे नाव घरातल्या मोठ्यांनी ऐकले असेल. १९२८ साली गोवा काँग्रेस समिती त्यांनी स्थापली, आणि १९४६ मध्ये पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडून पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात धाडले. नाव आणि आडनाव दोन्ही बेटाचे, पण झुंज पोर्तुगीजांशी.

हे आडनाव गोवा, वसई, मुंबई भागात आजही आहे आणि तिथे त्याचा तिसराच पदच्छेद झाला आहे. 'डिकुन्हा' लिहिताना डी, वरचा स्वल्पविराम आणि थेट सी. ज्या 'आ'वरून एवढा वाद, तो 'आ'च गायब! 'डिसोझा'त जसा 'दे'मधला स्वर गेला तसाच. वसई आणि चौल यांच्या इतिहासावर १८७६ मध्ये पुस्तक लिहिणारे डॉक्टर जर्सन द कुन्हा (१८४४ ते १९००) हे गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे विद्वान. ते 'दा' सुटा लिहीत. एका द कुन्याने वसई घेतली आणि साडेतीनशे वर्षांनी दुसऱ्या द कुन्हाने तिचा इतिहास लिहिला. वसईच्या स्पेलिंगचेही असेच आहे. पोर्तुगीजांनी तिचे 'बासाईं' केले, इंग्रजांनी 'बॅसीन'. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ साली केलेला वसईचा तह इंग्रजी पुस्तकात शोधायचा असेल तर 'बी'खाली शोधा, 'व्ही'खाली सापडणार नाही.

बेटावर जाऊन राहिलेल्या माणसांची नावेसुद्धा सरळ राहिली नाहीत. १८१० च्या अखेरीस जोनाथन लॅम्बर्ट हा अमेरिकन तिथे राहायला गेला, आणि बेटाचे जुने नाव रद्द करून त्याने 'विसाव्याचे बेट' अशा अर्थाचे इंग्रजी नाव जाहीर केले. १८१२ मध्ये तो बुडून मेला आणि ते नावही त्याच्याबरोबर गेले. १८१६ मध्ये इंग्रज सैनिक आले. सेंट हेलेनावर कैदेत ठेवलेल्या नेपोलियनला कोणी इथून सोडवू नये, म्हणून इतक्या दूर पहारा! तेव्हा लॅम्बर्टच्या साथीदारांपैकी एकटा इटालियन तोमासो कोर्री उरला होता. इंग्रजी कागदांत तो 'टॉमस करी' झाला. १८३६ मध्ये जहाज फुटून आलेला डच खलाशी पीटर ग्रून पुढे 'पीटर ग्रीन' झाला आणि म्हातारपणी बेटाचा पुढारी म्हणून नावाजला गेला. ग्रीन हे आडनाव बेटावर आजही आहे.

शेजारच्या एका बेटाची कथा तर फारच मजेदार. ट्रिस्टनपासून सुमारे ४०० किलोमीटरवर एक बेट आहे. पोर्तुगीजांनी त्याला गोन्सालो आल्वारिश या नाविकाचे नाव दिले. नकाशावर जागा थोडी, म्हणून 'बेट'साठी आय, मग 'दे', मग 'गोन्सालो'चे नुसते 'गो', आणि पुढे आडनाव. पुढच्या कोणीतरी ते सलग वाचले: दि-ए-गो. झाले, 'दिएगो आल्वारेझ' नावाचा एक माणूस कागदावर जन्माला आला! १७३२ मध्ये चार्ल्स गॉफ या इंग्रज कप्तानाने तेच बेट नवीन म्हणून कळवले, तेही चुकीच्या जागी. आज नकाशावर नाव आहे ते गॉफचे.

कॅलशॉटला राहिलेल्या ट्रिस्टनकरांचे काय झाले, हे सहलीत अर्धवट राहिले होते. इथे त्यांना घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, टीव्ही मिळाला. १९६२ च्या शेवटी मतदान झाले की परत जायचे का. १४८ जण 'जायचे' म्हणाले आणि पाच जण 'राहायचे'. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेले. (या आकड्यांवर घरी चर्चा झाली तर ती मराठीत करावी ही विनंती.) २००५ मध्ये, सामान मागवणे सोपे व्हावे म्हणून बेटाला ब्रिटिश पोस्टकोड मिळाला. त्याची सुरुवात टी-डी-सी-यू. इथे 'ए' कुठेच नाही. पोस्टखात्याने वादातच पडायचे नाही असे ठरवलेले दिसते!

मग आपण काय लिहायचे? आम्ही असे ठरवले आहे. सेनापती लिहिताना 'त्रिस्तांव द कुन्या', आणि बेट लिहिताना, तिथले लोक इंग्रजी बोलतात म्हणून, 'ट्रिस्टन द कुन्या'. स्वतः लिहिताना 'आ' अलीकडे. पण जुने स्पेलिंग खोडायचे नाही. अर्लचे पुस्तक ग्रंथालयात शोधायला गेलात तर खोडलेलेच स्पेलिंग टाकावे लागेल, नाहीतर ते नाही म्हणूनच सांगतील. पेन्सिलवाल्या मित्राने रबर घेऊन गोल पुसायची तयारी दाखवली होती. ॲटलसच्या मालकाच्या आईने नको म्हटले. 'चूक' या शब्दावर एक काट मारून त्याच्याकडून तिथे 'जुना पदच्छेद' एवढे लिहून घेतले आहे.

गृहपाठ. छोटा गट: देवालय, विद्यार्थी, सूर्योदय आणि स्वतःच्या नावाचा पदच्छेद करून आणा. नाव तुटत नसेल तर उगाच तोडू नका. मोठा गट: आजी-आजोबांच्या जुन्या कागदांवर, पासपोर्टवर, पाकिटांवर तुमच्या आडनावाची आणि गावाची स्पेलिंगे किती प्रकारची आहेत ते पाहा, साल घालून वहीत उतरवा. भारतात फोन करून विचारलेत तरी चालेल. पालकांनी घरातल्या सर्व कागदांवर एकाच माणसाचे नाव एकाच प्रकारे आहे ना, एवढे याच आठवड्यात तपासून घ्यावे.

ॲटलस पुढच्या शनिवारी पुन्हा वर्गात येणार आहे. पेन्सिली दप्तरातच राहू द्याव्यात.